मेळघाटातील सामाजिक समस्या

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर भागातील चिखलदरा व धारणी हे दोन तालुके मिळून होणाऱ्या मेळघाट प्रदेशात दारिद्र्य, बालकांचे कुपोषण व मृत्यू, कर्जबाजारीपणा, हंगामी स्थलांतर, व्यसन आणि विस्थापन हे प्रश्न परस्परांत गुंतलेल्या स्वरूपात आढळतात. सातपुड्याच्या गाविलगड रांगांनी व्यापलेला हा प्रदेश वऱ्हाडच्या कपाशीच्या मैदानाला लागूनच आहे. तथापि परतवाड्याहून घाट चढताच जमीन, पीक, भाषा व राहणी ही सर्व पालटतात. तीनशेहून अधिक गावांत विखुरलेली येथील लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सु. तीन लाख होती. तीत कोरकूंचे प्रमाण सर्वाधिक असून त्यांखेरीज गोंड, निहाल, गवळी, बलाई इ. समाज येथे राहतात. कोरकू भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुलातील मुंडा शाखेची असून त्या शाखेतील भाषांपैकी ती सर्वांत पश्चिमेकडील होय. ‘कोर’ म्हणजे माणूस व ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय; म्हणजे कोरकू या नावाचा अर्थ केवळ ‘माणसे’ असा होतो.

या प्रश्नांचे एकत्रित दर्शन घडविणारे गाव म्हणून सेमाडोहचा निर्देश करता येईल. चिखलदरा तालुक्यातील हे गाव परतवाडा–धारणी मार्गावर, सिपना नदीच्या काठी वसले आहे. ‘सिपना’ या कोरकू शब्दाचा अर्थ साग. ज्या झाडाच्या नावाने येथील लोकांनी नदी ओळखली, तेच झाड पुढे शासनाची मालमत्ता ठरले आणि प्रदेशाच्या आधुनिक इतिहासाला तेथून वळण लागले. सेमाडोह येथे वनखात्याची जुनी वसाहत व विश्रामगृह, व्याघ्रप्रकल्पाचे पर्यटन संकुल आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही सर्व कोरकूंच्या वस्तीशेजारीच आहेत. जंगल पाहावयास येणारा प्रवासी व जंगलावर जगणारा रहिवासी यांची गाठ येथे रोज पडते, परिचय मात्र क्वचितच होतो.

सामाजिक समस्यांच्या अभ्यासात प्रारंभी व्यक्तीच्या दोषांवर भर होता. दारिद्र्याचे मूळ आळसात, रोगाचे अज्ञानात व कर्जाचे उधळेपणात शोधले जाई. एमिल द्यूरकेम व त्यानंतर रॉबर्ट मर्टन यांनी विचलित वर्तनाचा संबंध समाजरचनेशी जोडला; तर सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये व्यक्तीच्या खाजगी अडचणी व समाजाचे सार्वजनिक प्रश्न यांतील भेद आणि त्यांचे परस्परसंबंध स्पष्ट केले. मेळघाटाविषयीच्या शासकीय व वृत्तपत्रीय लेखनात पहिलाच दृष्टिकोन दीर्घकाळ टिकून राहिला. कोरकू दवाखान्यात येत नाहीत, भूमकाकडे जातात, मोहाची दारू पितात, साठवून ठेवीत नाहीत, घरेदारे सोडून मजुरीस जातात, असा हा आक्षेपांचा क्रम आहे. यांतील वस्तुस्थिती बव्हंशी खरी आहे. तिचे कारण मात्र स्वभावात नसून गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. माळवा व निमाडातून वऱ्हाडात उतरणाऱ्या वाटा या डोंगरांतून जात व त्यांवर गाविलगड आणि नरनाळा या किल्ल्यांची नजर असे. डोंगरातील स्थानिक राजे घाटांची राखण करीत व त्याबद्दल त्यांना हक्क मिळत. आर्थर वेलस्लीने डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगड जिंकला व दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा वऱ्हाडातील शेवट झाला. तरीही पुढील अर्धशतकात डोंगरातील जीवनात मोठा बदल घडल्याचे दिसत नाही. कोरकू जंगलाचा तुकडा तोडून, वाळल्यावर जाळून, त्या राखेत कुटकी, सावा, कोदो यांसारखी भरड धान्ये पेरीत. दोन-तीन वर्षांनी जमीन पडीत टाकून पुढे सरकत. या पद्धतीस मध्य प्रांतात दाहिया म्हणत. तीत उत्पन्न थोडे होते, परंतु धान्य हा आहाराचा एकच आधार नव्हता. मोहफुले, चारोळी, कंदमुळे, रानभाज्या, मासे व शिकार यांनी वर्षातील रिकाम्या महिन्यांची भर काढली जाई. या आहारपद्धतीचा विचार केल्याखेरीज पुढील काळातील कुपोषणाचा उलगडा होत नाही.

निजामाने १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यानंतरच्या वीस वर्षांत मैदानी वऱ्हाडाचा कायापालट झाला. अमेरिकन यादवी युद्धामुळे कपाशीला अपूर्व भाव आला, ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे वऱ्हाडातून जाऊन १८६७ मध्ये नागपुरास पोहोचली आणि पडीत रानेही नांगराखाली आली. मैदानातील लाकूड जसजसे संपू लागले, तसतसे रूळपाट्या, इमारती व सरपण यांसाठी डोंगरातील सागाचे मोल वाढले. वनसंरक्षणाची सुरुवात झाली, ती या गरजेतून. १८६० नंतरच्या दशकात मेळघाटातील जंगलांच्या राखीवीकरणास आरंभ झाला. १८६५ व १८७८ च्या भारतीय वन कायद्यांनी राखीव वन ही संकल्पना देशभर पक्की केली. राखीव वनात तोडणे, जाळणे, चारणे, गोळा करणे या सर्व गोष्टी पूर्वी वहिवाट होत्या. त्या आता एक तर गुन्हा ठरल्या किंवा सवलत. दाहिया बंद झाली. घरी मोहाची दारू गाळणे हाही अबकारी कायद्यान्वये अपराध ठरला. मोहाच्या दारूवाचून कोरकूंचा जन्म, विवाह वा मृत्यूचा कोणताही विधी पुरा होत नसे, हे लक्षात घेता गावातील प्रत्येक घर केव्हा ना केव्हा कायद्याच्या कक्षेत येणे अपरिहार्य होते.

राखीव वनाला मजूर लागत. कूप तोडणे, विरळणी करणे, जाळरेषा साफ ठेवणे, वणवा विझविणे व रस्ते दुरुस्त करणे ही कामे बाहेरून माणसे आणून होण्यासारखी नव्हती. म्हणून वनखात्याने जंगलात वनग्रामे वसविली व जुन्या वस्त्यांनाही त्याच चौकटीत आणले. कुटुंबाला कसण्यासाठी जमिनीचा तुकडा, थोडी मोफत चराई व घरासाठी लाकूड मिळे. त्याच्या मोबदल्यात खाते बोलावील तेव्हा ठराविक दराने कामास जावे लागे. जमिनीची मालकी मात्र मिळत नसे. गाव राहणार की उठणार, हेही खात्याच्या मर्जीवर अवलंबून असे. या व्यवस्थेचे परिणाम दूरगामी झाले. मालकीचा कागद नसल्याने जमीन तारण ठेवून पतपेढीचे कर्ज मिळणे अशक्य होते. साहजिकच परतवाडा, धारणी येथील सावकार हाच एक मार्ग उरला. पावसाळ्यात घेतलेले धान्य सुगीला सवाई वा दिढीने फेडावयाचे आणि न फिटल्यास घरातील एखाद्या माणसाने सालदार म्हणून राबावयाचे, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालला. ज्या जमिनीवरून उद्या उठविले जाईल, तिच्यात बांध घालणे, विहीर खणणे किंवा झाडे लावणे कोणी करीत नसे. निरीक्षकांनी यालाच अदूरदर्शीपणा म्हटले. वस्तुतः अनिश्चित भोगवट्याला दिलेले ते समंजस उत्तर होते.

याची जाणीव शासनाला अजिबात नव्हती असे नाही. १९३५ च्या कायद्यानुसार मेळघाट तालुका अंशतः वगळलेले क्षेत्र म्हणून घोषित झाला. वि. व्ही. ग्रिगसन या अधिकाऱ्याने १९४० ते १९४२ या काळात मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासींच्या स्थितीची विस्तृत चौकशी केली व तिचा अहवाल १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्ज, वेठ, वनग्रामे व शिक्षण यांचा त्यात सविस्तर परामर्श घेतलेला आहे. स्वातंत्र्यानंतर मेळघाटाचा समावेश अनुसूचित क्षेत्रात झाला. आदिवासी विकास महामंडळ (१९७२), आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा (१९७४), वेठबिगार निर्मूलनाचा कायदा (१९७६), त्याच सुमाराची एकाधिकार खरेदी योजना आणि रोजगार हमीचा कायदा (१९७७) यांमुळे सावकारी पाशाला काही अंशी आळा बसला. विशेष म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ मध्ये देशात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातून मुंबईतील धारावी व मेळघाटातील धारणी ही दोन ठिकाणे निवडण्यात आली होती. लहान मुलांच्या आहाराची शासकीय योजना येथे उशिरा आली, असे म्हणता येत नाही. ती येथे सर्वांत आधी आली.

त्याच काळात जंगलाचा उद्देश बदलला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाची निवड झाली व फेब्रुवारी १९७४ मध्ये सु. १,५७१ चौ. किमी. क्षेत्रावर हा प्रकल्प अस्तित्वात आला. सेमाडोह हे त्याचे एक प्रमुख ठाणे बनले. वाघ व त्याचा अधिवास राखण्याची निकड वादातीत आहे. मेळघाटातील जंगलामुळेच तापी व पूर्णा या नद्यांना मिळणारे अनेक प्रवाह टिकून आहेत. परंतु शंभर वर्षे लाकडासाठी ज्यांचे श्रम वापरले, त्यांचे संरक्षित जंगलात काय करावयाचे, याचा विचार आराखड्यात फारसा नव्हता. तोड थांबली, तशी कूपावरील मजुरीही आटली. १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर रस्ता, वीजवाहिनी, तलाव यांसारखे प्रत्येक काम दिल्लीच्या संमतीवर अवलंबून राहू लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्यांतून वाळलेले लाकूड वा गवत काढण्यासही मनाई झाली. जंगलातील आहार एकोणिसाव्या शतकात घटला होता. जंगलातील मजुरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटली. दोन्ही एकदम उपलब्ध असण्याचा काळ कोरकूंच्या वाट्याला आलाच नाही.

१९९३ च्या पावसाळ्यात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर पसरल्या व मेळघाट हे नाव कुपोषणाशी कायमचे जोडले गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९९५ मध्ये राज्य शासनाने नवसंजीवन योजना सुरू केली. तीत आरोग्य, आहार, रोजगार, धान्यपुरवठा व पाणी या कामांचा मेळ घालण्याचा प्रयत्न होता. या मृत्यूंना केवळ भूकबळी म्हणणे शास्त्रीय दृष्ट्या अपुरे आहे. कमी वजनाने जन्मलेले मूल, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न वेळेवर न मिळाल्याने खुंटलेली वाढ व अशा शरीरावर न्यूमोनिया, अतिसार किंवा हिवताप यांचा घाला, अशी ती साखळी असते. जून ते सप्टेंबर हे महिने सर्वांत घातक ठरतात. त्या वेळी घरातील धान्य संपलेले असते, नवे पीक उभे असते, आई पेरणी-निंदणीसाठी दिवसभर शेतात असते आणि तान्हे मूल सात-आठ वर्षांच्या भावंडाच्या कडेवर असते. नाल्यांना पूर आला की रस्ते तुटतात. सेमाडोहच्या वर डोंगरात असलेल्या माखल्यासारख्या गावातून आजारी मूल आधी सेमाडोहास व तेथून घाट उतरून अचलपूर किंवा अमरावतीस नेणे, म्हणजे कित्येकदा दोन दिवसांची मजुरी, उधारीचे भाडे व घरी राहिलेल्या मुलांची आबाळ पत्करणे होय.

या पार्श्वभूमीवर भूमकाकडे जाण्याच्या वर्तनाचा विचार करावा लागतो. भूमका हा गावातील उपचार करणारा. मध्यरात्रीही तो सापडतो, रोग्याशी त्याच्याच भाषेत बोलतो व मोबदला धान्यात वा कोंबडीत, सवडीने घेतो. त्याच्या उपचारांतील काही निःसंशय घातक आहेत. पोट फुगलेल्या तान्ह्या बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागण्या देण्याची ‘डंबा’ ही प्रथा त्यांपैकी सर्वांत क्रूर. तिच्यामुळे मुले दगावल्याच्या व गुन्हे दाखल झाल्याच्या घटना अलीकडेही घडल्या आहेत. तिचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. परंतु डाग देणारी व देवविणारी माणसे मुलाविषयी निष्काळजी नसतात; मूल वाचावे म्हणूनच ती हा उपाय करतात. दवाखाना दूर, तेथील भाषा मराठी किंवा हिंदी, कर्मचारी बदलीच्या प्रतीक्षेत आणि ‘आधी का आणले नाही’ हा पहिला प्रश्न, अशा स्थितीत केवळ प्रबोधनाने वर्तन बदलत नाही, असा अनुभव आहे. सेवाच घराजवळ आली, तर ते बदलते, याचाही अनुभव आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याची पद्धत विकसित केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर तिचा देशभर स्वीकार झाला. मेळघाटात बैरागड येथे डॉ. रवींद्र व स्मिता कोल्हे यांनी, तसेच धारणीजवळील उतावली येथे डॉ. आशीष सातव यांच्या संस्थेने दीर्घकाळ केलेले काम याच दिशेचे आहे. आरोग्य खात्यानेही भूमकांना शत्रू न मानता रुग्ण दवाखान्यात आणण्याच्या कामी त्यांचे साहाय्य घेण्याचा प्रयोग केला.

व्यसनाच्या बाबतीत विधीतील दारू व विक्रीची दारू यांत भेद केला पाहिजे. पहिली गावाने मिळून, ठराविक प्रसंगी घेतलेली असते व तिला मर्यादा असतात. रोख मजुरी व बाजाराच्या रस्त्यांबरोबर आलेली दुसरी व्यक्तिगत असून तिला अशी मर्यादा नाही. तिचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडतो.

हंगामी स्थलांतराविषयीही हेच म्हणता येईल. सुगी आटोपून दिवाळी झाली की अनेक कुटुंबे मुलाबाळांसह अचलपूर, अंजनगाव, अकोट या भागांत कापूस वेचणी, संत्र्यांचे बगीचे व वीटभट्ट्या यांवर कामास जातात व होळीला परततात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. कितीही लांब गेलेला माणूस त्या दिवसांत गावी असतोच. मधल्या काळात मुलांची शाळा, अंगणवाडीतील आहार व लसीकरण या सर्वांत खंड पडतो, कारण या सेवा गावाशी बांधलेल्या असून माणसाबरोबर प्रवास करीत नाहीत.

वर्तनाची चिकित्सा येथवर बहुधा एकाच बाजूची झाली आहे. प्रशासनाचेही एक वर्तन असते व तेही या समस्येचा भाग आहे. मेळघाटातील नेमणूक ही शिक्षा समजली जाते, त्यामुळे पदे रिक्त राहतात. बालमृत्यूंची संख्या वाढली की जाब विचारला जातो, म्हणून नोंद कमी होण्याकडे कल असतो. २००३ च्या अखेरीस डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या बालमृत्यू मूल्यमापन समितीने राज्यातील बालमृत्यूंचा मोठा भाग शासकीय नोंदींत येतच नसल्याचे दाखवून दिले. मृत्यू लपविला गेला की त्याचे कारणही लपते आणि पुढील पावसाळ्यात तेच घडते. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. २००७ पासून उच्च न्यायालयात जनहित याचिकांवर पुन्हा सुनावण्या होत राहिल्या. जुलै २०२२ मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्यामुळे अतिसाराची साथ उद्भवून माणसे दगावली, तेव्हा नवसंजीवन योजनेला सत्तावीस वर्षे झाली होती.

विस्थापनाने या इतिहासाला आणखी एक वळण दिले. व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील बोरी, कोहा व कुंड ही गावे एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी हलविण्यात आली. पुढील दीड दशकात वैराट, चुर्णी, अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी इ. गावांचे पुनर्वसन झाले. त्यांतील बरीच अकोला जिल्ह्याच्या अकोट परिसरात वसविण्यात आली. प्रत्येक पात्र कुटुंबास दहा लाख रुपये रोख किंवा त्या रकमेतून जमीन, घर व सुविधा असे दोन पर्याय होते. २०२१ मध्ये ही रक्कम पंधरा लाख करण्यात आली. रस्ता, वीज, शाळा व दवाखाना जवळ येणे हा या स्थलांतराचा खरा लाभ असून काही कुटुंबांनी तो घेतला आहे. परंतु पिढ्यानपिढ्या रोख रकमेचा व्यवहार न केलेल्या समाजाच्या हाती एकदम मोठी रक्कम आली, की ती उपजीविकेत रूपांतरित होण्याआधीच बाजारात विरते. जंगलात पैशाशिवाय मिळणारे सरपण, भाजी व चारा मैदानात विकत घ्यावा लागतो. मृतांच्या स्मरणार्थ कोरविलेले मुंडा हे लाकडी स्तंभही जुन्या गावठाणातच राहून जातात. नुकसानभरपाईच्या हिशेबात त्यांना स्थान नसते. आश्वासने अपुरी राहिली व नव्या जागी मृत्यू वाढले, अशी तक्रार करीत काही पुनर्वसित कुटुंबे जंगलातील आपल्या मूळ गावी परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा वन व पोलीस कर्मचाऱ्यांशी हिंसक संघर्ष झाला. त्यात दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली.

वनहक्क कायदा (२००६) हा या इतिहासातील पहिला असा कायदा, की ज्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे उद्देशिकेतच मान्य केले. त्यान्वये वैयक्तिक कसणुकीबरोबरच गावाच्या सामूहिक वनावरील हक्कही मान्य होऊ शकतात. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर या गावाने असा हक्क मिळवून उजाड टेकड्यांवर झाडे लावली, चराईला स्वतःच नियम घातले व सीताफळांची विक्री संघटितपणे केली. २०१४ मध्ये या कामास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्यांना अदूरदर्शी ठरविण्यात आले होते, त्यांच्यासारख्याच माणसांनी हे केले. फरक एवढाच, की या वेळी जंगल उद्याही आपलेच राहील याची लेखी हमी त्यांच्या हाती होती. संरक्षित क्षेत्राच्या आतील गावांत मात्र या हक्कांची मान्यता संथ गतीने झाली. मोहफुले गोळा करण्यावरील व त्यांच्या वाहतुकीवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये उठविले, म्हणजे कोरकूंच्या आहारातील एक जुना पदार्थ दीर्घकाळानंतर कायद्याच्या जाचातून सुटला. सेमाडोहच्या पर्यटन संकुलात स्थानिक तरुणांना वाटाडे व मजूर म्हणून काम मिळते. पावसाळ्यात जंगलसफारी बंद झाली की त्या उत्पन्नातही खंड पडतो, आणि तो काळ नेमका धान्य संपण्याचा असतो.